उत्तरासाठी थांबणे

'हाऊ आर यू?' असे विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे का? बंगळुरूच्या बसवनगुडीत मी गृहिणींना बोलण्याचे इंग्रजी शिकवते. माझा नियम असा होता की फोनवर चौकशी करताना हा प्रश्न गाळावा.

मोठा भाऊ वहिनींना घेऊन तपासणीसाठी साताऱ्याहून माझ्याकडे आला होता. त्याच्या मानेवरच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, माझ्या माणसाचं फोनवर मीच विचारणार." मग मी त्यांच्याकडून वाक्ये घोटून घेतली. भाऊ हसला, "गाठ माझी अन् परीक्षा हिची!"

रुग्णालयात फोन लागला. स्पीकर सुरू होता. वहिनींनी 'गुड आफ्टरनून' म्हटले, ओळख सांगितली आणि पुढचे वाक्य न आठवून विचारले, "हाऊ आर यू?" विचारून त्या खरोखर थांबल्या.

पलीकडची मुलगी म्हणाली, "फाइन, आंटी. अँड यू?"

'फाइन' हेच उत्तर मी शिकवले होते. वहिनी म्हणाल्या, "आय ॲम अफ्रेड."

रिपोर्ट अजून आला नव्हता. तरी मुलीने नंबर मागून घेतला. फोन ठेवल्यावर मी चूक दाखवली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "विचारलं की थांबायला नको का?"

संध्याकाळी त्याच मुलीचा फोन आला. "हाऊ आर यू, आंटी?" असे विचारून वहिनींचे उत्तर येईपर्यंत ती थांबली आणि मगच तिने डॉक्टरांना फोन जोडून दिला. गाठ साधी होती.

आता मी तो प्रश्न गाळायला सांगत नाही. तुम्हीही एकदा विचारून थांबा आणि माझे म्हणणे स्वतः पडताळून पाहा.