कॉम्प्युटरपुढे ताठ बसा!

चार वर्षं एका खोलीत काढली की प्रबंधाची पानं किती होतील ते सांगता येत नाही, किस्से मात्र नक्की होतात. पानं सर खोडतात. किस्से खोडायला कुणी येत नाही, म्हणून ते वाढतच जातात.

खोली म्हणजे नाशिकच्या आमच्या कॉलेजचा संशोधन कक्ष. मी तिथे द्राक्षांच्या शीतगृहांवर पीएचडी करते. यंदा लग्न झालं आणि पाठोपाठ उजवं मनगट दुखायला लागलं. दिवाळीआधी प्रबंध द्यायचाय, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे सध्या माझी चार वर्षं एका मनगटावर लटकली आहेत.

* * *

कक्ष आधी केमिस्ट्रीची लॅब होता. टेबलं तीच ठेवली, उभ्यानं परीक्षानळ्या हलवायची. त्यांच्यावर कॉम्प्युटर मांडले आणि बसायला कॅन्टीनमधली प्लॅस्टिकची स्टुलं दिली. त्यावर बसलं की कीबोर्ड गळ्याशी येतो. हात असे वर धरून टाइप करावं लागतं, जणू समोर कुणीतरी पिस्तूल रोखून उभं आहे!

विभागप्रमुख, म्हणजे आमचे सर, पहिल्याच दिवशी म्हणाले, "उंच टेबलाचा एक फायदा असतो. माणूस वाकत नाही."

माझ्या शेजारी उज्ज्वला बसते, सटाण्याची. तोंडाला येईल ते बोलते. "वाकायला जागाच नाय ना सर! वाकलं की टेबल दातावर बसतं."

"बघा," सर म्हणाले, "म्हणजे उपयोग होतोय."

* * *

गेल्या वर्षी अनुदानातून नव्या खुर्च्या आल्या. पाठीला आधार, हात टेकायला जागा, खालीवर करायचा दांडा. आम्ही दोघी नुसत्या बघत राहिलो. सरांनी त्या शेजारच्या स्टोअररूममध्ये ठेवून बाहेरून कुलूप घातलं.

"तपासणी समिती येऊन गेल्याशिवाय वापरायच्या नाहीत. खराब होतील."

"बसून?" उज्ज्वलानं विचारलं.

"मग खुर्च्या आणखी कशानं खराब होतात?"

एक खुर्ची तेवढी सरांच्या केबिनमध्ये गेली, प्लॅस्टिकच्या आवरणासकट. उन्हाळ्यात सर तिच्यावरून उठले की चर्र असा आवाज होतो. बाहेर आम्हाला कळतं, सर निघाले. ताठ बसायला तेवढा वेळ पुरतो!

* * *

मध्यंतरी सरांच्या ओळखीचे एक वास्तुतज्ज्ञ कक्ष बघून गेले. म्हणाले, "इथे प्रबंध पूर्ण होत नाहीत, कारण विद्यार्थ्यांची तोंडं दक्षिणेला आहेत."

दुसऱ्या दिवशी सगळी टेबलं पूर्वेच्या खिडकीकडे फिरली. सकाळी डोळ्यांत ऊन, पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. उज्ज्वलानं सरळ ओढणी काढून डोक्यावरून आणि मॉनिटरवरून घेतली आणि आत बसून टाइप करायला लागली. थोड्या वेळानं मीही तिच्या ओढणीत शिरले.

प्राचार्य फेरीला आले. दारातच थबकले आणि हळू आवाजात सरांना विचारलं, "मुलींना काही त्रास होतोय का?"

प्राचार्य गेल्यावर मी सरांकडे एक पडदा मागितला. सर चिडले. "पडदा लावला तर पूर्वेचा फायदा काय राहिला?"

* * *

मग 'संगणक आणि निरोगी बैठक' अशी कार्यशाळा झाली. पुण्याहून तज्ज्ञ आले होते. हॉलमध्ये लोखंडी फोल्डिंग खुर्च्या. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, आणि एवढं सगळं झाल्यावर पाहुणे बोलायला उभे राहिले.

म्हणाले, "मित्रहो, एकच गोष्ट लक्षात ठेवा. अर्ध्या तासापेक्षा जास्त एका जागी बसू नका. उठा, हातपाय ताणा!"

आम्ही तिथे पाऊण दुपार बसलेल्या होतो. उज्ज्वला उठली. तिनं दंडाला धरून मलाही उठवलं. दोघींनी हात वर करून आळस दिला.

स्टेजवरून सरांनी माइकच ओढून घेतला. "खाली बसा! पाहुण्यांचा अपमान होतोय!"

पाहुण्यांनी मान डोलावली आणि पुढचे दोन तास बोलले.

* * *

"मग घरी का लिहीत नाहीस?" असं सगळेच विचारतात. घरी माझं टेबल म्हणजे लग्नात माहेरहून आलेलं ड्रेसिंग टेबल. खाली ड्रॉवर, त्यामुळे गुडघे आत जात नाहीत. अंग एका कुशीवर वळवून, तिरकं बसून टाइप करायचं. लॅपटॉपच्या मागे पुरुषभर आरसा. शीतगृहातल्या तापमानावर लिहिताना आपला चेहरा कसा होतो, हे कुणालाही बघायला लागू नये.

सुयोगनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आरसा काढून देतो म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "नव्या नवरीचा आरसा काढतात का रे? अक्कल आहे का?" आरसा राहिला.

परवा त्या पिंपळगावच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. "सून गुणाची आहे गं. आवाज म्हणून नाही. पण एक खोड आहे बाई. सकाळी आरशापुढे बसली की दुपारपर्यंत उठत नाही!"

* * *

मनगट फारच ठणकायला लागलं तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मनगटाला पट्टा दिला आणि बजावलं, "औषधानं थोडंच होणार. खुर्ची बदला. कोपर टेबलाच्या उंचीला आलं पाहिजे. अशाच बसत राहिलात तर दिवाळीपर्यंत तुम्हाला साधं लाटणं धरता येणार नाही."

मी सरांकडे स्टोअरमधली एक खुर्ची मागितली.

"अर्ज द्या," सर म्हणाले. "कारण सविस्तर लिहा."

माझ्यासाठी उज्ज्वलानं लिहिला. सरांनी परत पाठवला. "हे अक्षर तुमचं नाही. अर्ज स्वहस्ताक्षरात लागतो."

मग मीच लिहिला. पट्टा काढून, एकेक ओळ लिहून थांबत. ठणका खांद्यापर्यंत गेला. संध्याकाळी अर्ज सरांपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले,

"अक्षर तर मोत्यासारखं आहे! आणि म्हणे हात दुखतो."

नामंजूर.

* * *

अखेर समिती आली. आदल्या दिवशी सरांनी फर्मान काढलं: मुलींनी साडी नेसायची. त्या सकाळी स्टोअरचं कुलूप उघडलं, खुर्च्या बाहेर आल्या, टेबलंही कुठूनतरी बुटकी आली. सरांनी मला पट्टा काढायला लावला आणि एका खुर्चीवर बसवलं.

समितीला यायला उशीर झाला. तेवढ्या वेळात मी टाइप करत राहिले. कितीतरी महिन्यांनंतर पहिल्यांदाच मनगटातून कळ आली नाही. शेवटच्या प्रकरणाची अडलेली पानं भराभर उतरली. मी इतकी दंग झाले, की फोटोग्राफर बाजूला येऊन फोटो काढून गेला तेही कळलं नाही.

समिती खूश. "आदर्श कक्ष!" म्हणाली. ती गेटबाहेर पडेपर्यंत आमच्या खुर्च्या पुन्हा कुलपात. फोटो मात्र मोठा करून, चौकट घालून भिंतीवर लागला, नेमका माझ्या स्टुलाच्या वर. हिरव्या बांगड्या, ताठ पाठ, टेबलाच्या उंचीला कोपर.

गेल्या आठवड्यात सर नव्या विद्यार्थ्यांना कक्ष दाखवायला घेऊन आले. मी स्टुलावर होते. मनगटाला पट्टा, डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत होते. सर माझ्यापाशी थांबले. आधी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे बोट केलं.

"हे असं बसल्यावर हात दुखणारच! जरा त्या फोटोतल्या मुलीकडे बघून शिका."

उज्ज्वलाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"कोण आहेत सर त्या?" मागून एका मुलीनं विचारलं.

"आमचीच विद्यार्थिनी," सर अभिमानानं म्हणाले. "प्रबंध केव्हाच देऊन गेली."