पिल्लं उडेपर्यंत

भीमाशंकरच्या रानात कर्णा पक्षी अजून उरलाय का, हे शोधायला १९९८च्या मार्चमध्ये मी कोंढवळच्या वरच्या वाडीत सखूबाईंकडे राहिले. कर्ण्याचं पोट लालभडक, डोकं काळं. घरटं मात्र तो कुजक्या खोडातच कोरतो, आणि तसली खोडं सरपणाला जात होती.

सखूबाई पन्नाशीच्या, एकट्याच. नवरा गेल्यापासून भातखाचरं त्याच बघायच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना चित्र दाखवलं. "ठावं नाय," म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या.

महिनाभर हिंडले. पक्षी दिसला नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी लिहीत बसले होते.

"काय लिवलंस?"

"इथं कर्णा उरला नाही."

सखूबाई जवळ आल्या. "असं नगं लिवू, पोरी. हाय त्यो. जोडी हाय."

"मग आधी का नाही बोललात?"

"मागं फोटोवाले आले व्हते. मीच जागा दावली. दिसभर खोडाम्होरं बसले. पाखरं अंडी टाकून गेली ती गेलीच. यंदाची पिल्लं उडू दे. मग दावते."

मला रागच आला. आठवड्यात अहवाल द्यायचा होता. तरी पुण्याला येऊन संस्थेतल्या सरांकडे महिन्याची मुदत मागितली. सर कुरकुरले, पण दिली.

मे महिन्यात फोन आला. सखूबाई घोडेगावला उतरून एसटीडी बूथवरून बोलत होत्या. बोलत कसल्या, ओरडतच होत्या. "उडाली गं! ये!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला राईत नेलं. फांदीवर नर बसला होता, पलीकडे मादी, मधे दोन पिल्लं. मला रडू आलं. अहवालात लिहिलं, "अगदी तुरळक, पण वीण होते." जागा लिहिली नाही, ती सखूबाईंची अट होती.

मग सखूबाई वाडीत घरोघर फिरल्या. बायकांनी त्या राईतली वठलेली खोडं तोडायची बंद केली.

२००६ साली मी परत मोजायला गेले. सखूबाईंना आता चढ झेपत नव्हता. मी खाली आले, तर त्यांनी अंगणातूनच विचारलं, "किती?"

"तीन जोड्या."

त्यांनी रानाकडे बघून हात जोडले. मी वाकून त्यांच्या पाया पडले, तर खांदा धरून उठवलं मला.

"माझ्या काय पडतीस? त्या बायांच्या पड. लई लांबनं सरपण आणत्यात."