चाकाखालचा ठोकळा

मंचरच्या माझ्या दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात यासीनच्या मुलाचा, इरफानचा फोन आला. "काका, अब्बा गेले." शटर तसंच खाली ओढून मी जुन्नरची एसटी धरली... त्याला आता काही आठवडे झाले.

यासीन ड्रायव्हर, मी स्पेअरपार्ट विकणारा. तो मला शेठ म्हणायचा, ते निव्वळ चिडवायला. दोस्ती झाली तेव्हा तो दहाचाकी ट्रक चालवायचा. एकदा मी त्याच्याबरोबर होतो आणि खेडच्या घाटात इंजिन तापलं. भर चढावर गाडी थांबवून त्याने आधी बाभळीचा ठोकळा मागच्या चाकाखाली सरकवला, लाथ मारून घट्ट बसवला आणि मगच पाण्याची बाटली तोंडाला लावली. मी म्हटलं, "हँडब्रेक ओढलाय की." तर म्हणाला, "ब्रेकचा काय भरवसा, शेठ? लाकूड दगा नाय देत."

मग ट्रेलर आले. इंजिनाचा भाग वेगळा, त्याला ड्रायव्हरलोक घोडा म्हणतात; मालाचा भाग वेगळा. मागचा ट्रेलर त्याच्या लोखंडी पायांवर टेकवायचा, घोडा सोडवायचा आणि दुसऱ्या भरलेल्या ट्रेलरला जोडायचा. यासीन आधी खूश होता. "आपली बैलगाडीच की ही," म्हणायचा. पण बैल सोडले की त्यांना वैरणपाणी तरी मिळतं. पूर्वी माल उतरेपर्यंत त्याला झोप मिळायची, कधी घरी चक्कर व्हायची. आता दुसरा ट्रेलर भरून तयारच असायचा, मग मालक कशाला थांबू देईल? "लई दमलोय राव," म्हणत तो दुकानासमोर उभ्यानेच चहा प्यायचा आणि निघायचा. मी हात हलवायचो. दुसरं काय करणार होतो...

लकव्याने त्याची उजवी बाजू गेली. घरी चाकांची कॉट भाड्याने आणली. पहिल्याच दिवशी तिच्यावर झोपवल्यावर तो कासावीस झाला. जड जिभेने एकेक शब्द ओढत म्हणाला, "शेठ... ठोकळा लाव."

"अरे, कॉटला ब्रेक आहेत."

त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडेना. शेवटी इरफानने सामानातून तो काळा पडलेला ठोकळा शोधून आणला. मी तो चाकाखाली सारला, पायाने ठोकला, तेव्हा कुठे त्याने डोळे मिटले. मग प्रत्येक भेटीत मी आधी ठोकळा तपासायचो. त्याची बायको, शमाभाभी, दुवा मागत होत्या, मी ओझरच्या गणपतीला नारळ वाढवून आलो, आणि तो रोज थोडा थोडा आमच्या हातातून निसटत राहिला. मला फार राग यायचा, कोणावर ते कळायचं नाही. बेअरिंगपासून क्लचप्लेटपर्यंत सगळं माझ्या दुकानात होतं, त्याच्या उपयोगाचं काही नव्हतं.

परवा गेलो. कॉट परत गेली होती, खोली पुसून लख्ख केली होती. ठोकळा मात्र मोकळ्या फरशीवर होता तिथेच होता.

"उचलवत न्हाई, भाऊ," भाभी म्हणाल्या. "कडंकडंनं पुसून घेते."

मी वाकून तो हातात घेतला. मग परत त्याच जागी ठेवला आणि चाक असल्यासारखा पायाने ठोकला.