बसला म्हणजे जुळला

"साईं, तो ड्रायव्हरच काढून टाक," हरेशसेठ म्हणाले. प्रमोद तेव्हा हॉस्पिटलात होता आणि त्याची टॉर्च माझ्या टेबलावर, अगदी ठणठणीत.

उल्हासनगर कॅम्प चारमध्ये सेठच्या दुकानामागे मी ऑर्डरप्रमाणे टॉर्च बनवतो. खरं तर मी लग्नं जुळवतो. नवरी म्हणजे एलईडी. नाजूक, तापट आणि खर्चिक. नवरा म्हणजे सेल. मधला भटजी म्हणजे ड्रायव्हर, रुपयाएवढी सर्किटची चकती. सेलचा जोर कमी-जास्त झाला तरी एलईडीला ठरलेलाच करंट पोचवायचा, हे त्याचं काम. व्होल्टेज फारच खाली आलं, की भटजी मध्ये अंतरपाट धरतो. दिवा बंद. नाहीतर सेल कायमचा मरतो.

खरवईचा प्रमोद कंपनीतली नोकरी सांभाळून साप पकडायचा. त्याची अट एकच होती. "काका, पोत्यामागे साप कुठे आहे ते दिसलं पाहिजे." मी त्याला दमदार सेल निवडून दिला, मागितला तेवढा करंट एका झटक्यात देणारा. प्रमोदने समोरच्या जीन्सवाल्याच्या भिंतीवर झोत मारला. आतला माणूस डोळ्यांवर हात धरून बाहेर आला. प्रमोद इतका खूश, की टॉर्चचं नाव त्याने सूनबाई ठेवलं.

पुढे तो जादा सेल घ्यायला आला, तेव्हा मी अंबरनाथला भाचीच्या लग्नात जेवत होतो. सेठनी लॅपटॉपची जुनी बॅटरी फोडून त्यातला सेल काढला. लांबी तीच, जाडी तीच. टॉर्चमध्ये घातला, बारीक उजेडावर लावून दाखवला. "बैठ गया ना? मॅच आहे."

लॅपटॉपचा सेल म्हणजे निवांत गडी. दिवसभर चालेल, पण पळ म्हटलं की छातीला हात लावून खाली बसतो.

बदलापुरातल्या एका किराणा गोदामात घोणस निघाली. प्रमोदच्या डाव्या हातात सूनबाई, उजव्या हातात हुक. त्याने नेमका तो जादा सेल घातलेला. पोत्यांच्या थप्पीमागे वाकून त्याने फुल पॉवर दाबली. सेल बसला तो बसलाच. व्होल्टेज कोसळलं, ड्रायव्हरला वाटलं सेल संपला, त्याने इमानदारीत अंतरपाट धरला. मिट्ट काळोख. घोणशीने उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं.

हे सगळं मी सेठना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पण साईं, सेल तर बसला होता. बंद कोणी केलं? ड्रायव्हरने."

प्रत्येक शब्द खरा होता. पुढचे ड्रायव्हर सेठनी दुसरीकडून आणले, अंतरपाट नसलेले. गिऱ्हाइकं खूश आहेत. त्यांचे सेल लवकर मरतात, मग ती पुन्हा येतात, म्हणून सेठही खूश आहेत.

प्रमोद वाचला, बोट गेलं. टॉर्च न्यायला आला. मी त्यात योग्य सेल घालून ठेवला होता. तो बघावा म्हणून प्रमोद मागचं झाकण फिरवायला लागला. चार बोटांत ते फिरेना. शेवटी त्याने टॉर्च माझ्यापुढे केली.

"तुम्हीच उघडा, काका. सेठनी दिलेला तो सेल बसला होता ना बरोबर?"

"बसला होता," मी म्हणालो.

लग्न असो की टॉर्च, बसला एवढ्यावर अक्षता टाकू नयेत.