वाट न विचारणारी

पोस्टातली ती बाई रविवारी आमच्या शिवारात सायकल घेऊन येते. हँडलवर नकाशा, हातात होकायंत्र. नकाशा बघून जंगलात लावलेले झेंडे शोधायची शर्यत असते, तिची ती तयारी. चुकली की स्वतःलाच रागावते, "नाला डावीकडं पाहिजे, बाई!" पण वाट कधी विचारत नाही. मला वाटायचं, अकडू आहे.

शर्यतीच्या दिवशी ती आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी घुटमळली. मी ओरडले, "अवं, झेंडा टेकडीमागं हाय!"

"आजी, सांगायचं नसतं ना! बाद होतो माणूस!"

ती पहिली आली. मग पंचांना म्हणाली, "मला झेंडा सांगितला कोणीतरी. माझं नाव काढा."

"कोणी?"

"ते राहू द्या."

शर्यत बघायला आलेली मी तिथंच उभी होते. पदर ओढून घेतला, गर्दीत मागं सरले.

आज दारापुढं तिच्या सायकलची घंटी वाजली. मी दार लोटून घेतलं.