एकोणिसावी कुंडी

पुंडलिककाका रोज सकाळी प्रत्येक कुंडीच्या मातीत बोट खुपसायचे, ते नाकाशी न्यायचे आणि मगच पाणी घालायचं की नाही ते ठरवायचे. तोफगाड्यांच्या कारखान्यात बारा वर्षं काढून ते शेती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आले होते. "तिथं लोखंड हुंगत होतो, इथं माती," म्हणायचे.

तिथली संशोधक विनता तीन वर्षं हरभऱ्याची रोपं वाळवणाऱ्या मर रोगामागे लागली होती. हा रोग आणणाऱ्या बुरशीचे बीजाणू ती अतिनील दिव्याखाली धरी. बहुतेक मरत. वाचलेल्यांतला एकेक वाढवून रोपांच्या मुळांशी सोडी. ज्याच्याने रोप मरणार नाही, त्याच्यात रोग आणणारं जनुक मोडलेलं असणार. असा एकच हवा होता, आणि संशोधनाची मुदत मार्चपर्यंत होती. अकराशे तपासून झाले. अकराशेंनी रोपं मारली.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. मालगाड्या दारूगोळा वाहू लागल्या, प्रयोगाच्या बियाण्याचं पार्सल कुठंतरी अडकलं. आणि त्याच महिन्यात एकोणिसाव्या कुंडीतली रोपं हिरवीगार राहिली. विनतानं पेढे वाटले. काकांनी आपला पेढा खिशात ठेवला.

आठव्या दिवशी ते दारात उभे राहिले.

"दीदी, त्या कुंडीला बी कमी पडलं होतं. मी पाटन गावच्या भावाकडचं टाकलं. त्याच्या वावरात मर येतच नाही."

"तेव्हाच काहून सांगितलं नाही?"

"हरभरा तो हरभरा, वाटलं. मग तुम्ही पेढे वाटून राहिल्या होत्या."

पार्सल आल्यावर तिनं तीच बुरशी नेहमीच्या, मर लागणाऱ्या बियाण्यावर पुन्हा तपासली. बाराव्या दिवशी रोपांनी माना टाकल्या. ती ओरडली नाही. फक्त कामापुरतं बोलू लागली, आणि काका तेवढ्यापुरतंच उत्तर देऊ लागले. बोट मात्र रोज मातीत जायचं.

फेब्रुवारीत काकांची छाती कफानं भरली, त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. हाती काही न लागता मुदत संपत आली तशी विनतानं सगळ्या कुंड्या मागच्या अंगणात रिकाम्या केल्या आणि त्याच दुपारी ती त्यांना भेटायला गेली. राग नाही, एवढंच सांगायचं होतं. ती खाटेशी बसली. काकांनी डोळे उघडले.

"दीदी, आज कुंड्यांना पाणी नका घालू. ओल आहे अजून."