वाकडा पडदा

मुक्या चित्रांचा तो काळ. लोणावळ्याच्या चाँदभाईचा बायस्कोप मावळातल्या बाजारांतून फिरे, पण तंबूचा खरा कारभार त्याच्या बायकोचा, खतीजाचा. मांजरपाटाचा पडदा तिनंच शिवलेला. डाव्या अंगाची, बायकांच्या आडोशाची कनात तर तिनं नवऱ्याशी भांडून लावून घेतलेली.

पण कनातीत बायका टिकेनात. चाँदभाईच्या यंत्राचं भिंग मोठं नाठाळ! मधलं चित्र लख्ख आणि कडेला नुसता पिंजलेला कापूस. कड साफ करावी म्हणून भिंग फिरवलं, की मधलं पुसट होई आणि पुरुष तंबू डोक्यावर घेत. बायका बसायच्या नेमक्या कडेला, त्यांच्यासमोर यायचा तो कापूसच. शेवटी चाँदभाई वैतागला. "वडगावला बी बायका आल्या न्हाईत, तर कनात काढून टाकतो बघ."

खतीजाला कनात हवीच होती. चूल आणि पाणवठा सोडून बायकांनी जरा टेकावं, अशी ती एवढीच जागा होती.

वडगावच्या आधी कार्ल्याला ऐन खेळात पडद्याचा डावा कोपरा उसवला. ती ठिगळ घेऊन धावली. ठिगळ पडद्याच्या हातभर पुढं होतं, तोच त्यावर घोड्याचं तोंड उमटलं, आयाळीसकट साफ! ठिगळ बाजूला केलं, की मागच्या पडद्यावर तोच घोडा धुरकट. लोक "बाजूला व्हा!" म्हणून ओरडत होते, पण बाई जागची हलेना. तिला उमगलं होतं. भिंगातून येणारं चित्र सपाट पडतच नव्हतं, वाटीच्या काठासारख्या त्याच्या कडा पुढं वळत होत्या.

"अवो, पडद्याच्या दोन्ही कडा पुढं वढून बांधा."

चाँदभाई हसला. "नाचता येईना, म्हणं अंगण वाकडं!"

"मग आपुन अंगणच वाकडं करू."

वडगावला तिनं स्वतः दोन्ही बाजूंचे बांबू पुढं रोवून घेतले. वाकडा पडदा बघून पुरुष खिदळले. कनातीत मोजून चार बायका. दिवा पेटला, चाँदभाईनं दांडा फिरवला, घोडा दौडत कडेला आला.

"आगं बया!" भाजीवाली बायडाबाई किंचाळली. "ह्या घोड्याला डोळं हायती की गं!"

खतीजा रडत होती आणि हसतही होती. मधलं चित्र तसंच लख्ख होतं आणि कडाही लख्ख झाल्या होत्या.

दुसऱ्या खेळाला कनातीत पाय ठेवायला जागा उरली नाही. चाँदभाईनं कनातीचे खुंटे उपटले आणि अर्धा तंबू बायकांना मिळेल असे मधोमध नेऊन ठोकले. पुरुष कुरकुरले तेव्हा म्हणाला, "सरका तिकडं. आता कडंला बी सारखंच दिसतंय."